कोणती टेकडी?

मनकर्णाबाईंना नागपुरात येऊन वीस वर्षं होत आली, पण नागपूरचं भेव काही त्यांच्या मनातून गेलं नाही. धरमपेठेत त्या कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवायच्या. मुलखातली पोरं शिकायला यायची आणि पहिल्याच महिन्यात शहर पालथं घालायची. मग पंगतीत गप्पा. अजब बंगल्याच्या संग्रहालयातली पेंढा भरलेली जनावरं, महाराजबागेतला वाघ, भोसल्यांच्या वेळचा फुटाळा तलाव, नाहीतर सीताबर्डीचा किल्ला, जिथं इंग्रजांशी लढाई झाली आणि जो आता झेंड्याच्या दिवशीच उघडतो.

"राहू द्या बाप्पा," तव्यावरची पोळी उलटत बाई म्हणायच्या. "मेलेला वाघ अजब बंगल्यात, जिता महाराजबागेत. माणसानं जावं कुठी?"

त्यांचं जाणं एकाच जागी. टेकडीवर. स्टेशनाजवळच्या गणपतीला, दर चतुर्थीला, तेही सायकलरिक्षात डोळे मिटून, गजानन महाराजांचं नाव घेत.

यंदा त्या भेवात भर पडली भावाच्या लेकीची. भाऊ चंपतरावांची संत्र्याची बाग काटोलकडे. गावातून कॉलेजात गेलेली तारा ही पहिलीच पोरगी. तिला ठेवून जाताना उंबरठ्यावर चंपतराव म्हणाले होते, "तुह्या भरोशावर ठेवून राहिलो, मनकर्णा. एक उलटी गोष्ट कानावर आली, की पोरीले घरी नेतो. मग कॉलेज नाही अन् फालेज नाही."

तेव्हापासून तारा फाटकाबाहेर पडली, की परत येईपर्यंत बाईंचा एक कान रस्त्याकडेच.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारी तारा चपला घालता घालता म्हणाली, "आत्या, मी टेकडीवर जाऊन येतो वं."

"जा माय. माझ्याही नावाच्या दूर्वा घे."

"दूर्वा?" तारा हसली. "बरं, घेतो!" आणि पळाली.

ती गेली आणि तासाभरात दारात चंपतराव उभे. खांद्यावर संत्र्यांचं पोतं. "तारा कुठी आहे?"

"टेकडीवर गेली, गणपतीले. येईलच आता."

चहा झाला. ऊन ओसरीवरून भिंतीवर चढलं, भिंतीवरून गेलं. तारा आली नाही. चंपतराव नुसती टोपी काढत आणि घालत होते. शेवटी दोघं रिक्षा करून गणपतीला गेले.

"कॉलेजची पोरगी?" पुजारी म्हणाला. "दुपारपासून तर एकही नाही आली, बाई."

खाली स्टेशनात गाडीनं शिट्टी दिली. या एवढ्या शहरात पोरीला हाक तरी कुठल्या तोंडानं मारावी? बाप्पासमोर हात जोडून बाई घाईनं मागे फिरल्या.

त्याच रिक्षानं घरी परतले, तर फाटकात खानावळीतला मधुसूदन भेटला. त्यानं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "मावशी, कॉलेजात टेकडी म्हणजे सेमिनरी हिल! गणपतीची टेकडी तुमची, म्हाताऱ्यांची."

"तिथं काय आहे?" चंपतरावांनी विचारलं.

"झाडी आहे काका. अन्..." मधुसूदननं आवंढा गिळला. "झाडीच आहे."

त्यानं काय गिळलं ते चंपतरावांना कळलं. बाईंनाही कळलं. पंगतीत पोरं त्या टेकडीचं नाव घेऊन एकमेकांना कोपरं मारायची, ते आज एकदम आठवलं.

फुटाळ्याच्या बाजूनं रिक्षा चढाला लागली. रिक्षावाला उतरून ओढू लागला, तसे चंपतरावही उतरले. दोन्ही बाजूंनी घाणेरीची गच्च झुडपं, त्यांत अंधार साचत चाललेला. एखादी फांदी हलली तरी बाईंना वाटे, वाघ. मग वाटे, वाघ परवडला.

"ताराऽऽ!" बाईंची हाक अर्धीच उमटली.

वरून ओ आली. मागोमाग पाच-सात पोरी उतरल्या, पुढे त्यांच्या बॉटनीच्या मॅडम. प्रत्येकीच्या काखेत जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. तारा सगळ्यांत मागे, लंगडत, हातात तुटलेली चप्पल. बापाला पाहताच तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाबा, कॉलेजचे पानं... चप्पल तुटली म्हणून उशीर..." मग आत्याकडे वळून, रडवेल्या आवाजात, "दूर्वा आणल्या वं आत्या. तू म्हटलं होतं ना?"

मुठीत खरंच दूर्वा होत्या. घामानं ओल्या.

चंपतरावांनी गठ्ठा काढून घेतला. वरचा कागद उचलला, चपटी केलेली पानं पाहिली, पुन्हा झाकला. "घरी चाल," एवढंच म्हणाले.

घरी! घर कोणतं? धरमपेठेतलं, का उंबरठ्यावर बोलले होते ते, काटोलच्या गाडीनं गाठायचं? एका शब्दानं आज जीव घेतला होता, आता हा दुसरा. विचारायची बाईंची छाती होईना. तारा तर मान वर करेना. तिघं दाटीवाटीनं रिक्षात बसले. बाईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं आणि डोळे मिटले.

उतार संपला. रिक्षावाल्यानं ब्रेक दाबला. "अब किधर, सेठजी? टेसन, के धरमपेठ?"

चंपतराव ताराच्या मुठीकडे बघत राहिले.

"धरमपेठ," ते म्हणाले. "अन् हळू चालव गा. पोरीचे पानं मोडतीन."