सोल्वीचा डावा हात

सोल्वीचा नियम गावात पोरासोरांना पाठ होता. ज्याला ओल्यात आग पेटवता येत नाही, त्यानं तिच्या बोटीत पाय ठेवायचा नाही. अलास्काचा आमचा किनारा हिवाळाभर पावसात आणि चिखलबर्फात भिजलेला. बोट उलटली तर माणूस पोहत काठाला लागतो आणि तिथे गारठून मरतो. तिचा सख्खा भाऊ असाच गेला.

मग पासष्टाव्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला नि सोल्वीचा उजवा हात लुळा पडला. बोट चालवू नको असं कुणीच म्हटलं नाही. तिला अडवलं तिनंच.

"नियम म्हणजे नियम, आइनार," मला, तिच्या बोटीवरच्या जुन्या सोबत्याला, म्हणाली. "माझ्यापुरता वेगळा काढू होय?"

नोव्हेंबरपासून रोज सकाळी बाई किनाऱ्यावर हजर. चिंब फांदी गुडघ्याखाली दाबायची, डाव्या हातानं चाकू चालवून आतल्या कोरड्या गाभ्याची सालपटं काढायची, त्यावर झाडाची राळ. काडेपेटी दातांत. दिवसाला तीन काड्या, चौथी नाही. गुडघा कापून घ्यायची, शिव्या हासडायची, घरी जायची.

"अगं, पुरे की आता!" मी वैतागायचो.

"थंडी वाजतेय तर घरी जा ना. तुला कोण थांब म्हणतंय?"

जानेवारीत मला राहवेना. घरच्या शेगडीजवळची खडखडीत सालपटं मूठभर नेली आणि सोल्वी झाडाची राळ खरवडायला गेली तशी तिच्या ढिगात सारली. पहिल्याच काडीला भडका! मी टाळ्या पिटल्या.

सोल्वीनं जाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "डाव्या हातानं इतकी पातळ सालपटं माझ्याच्यानं निघत नाहीत." आणि बुटानं सगळी आग चिखलबर्फात लोटली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र पुन्हा गुडघ्यावर बसली. पाऊण तास नुसती सोलत होती. दुसरी काडी वाऱ्यानं विझली. तिसरी कशीबशी लागली, धूर झाला, आणि ती पालथी पडून फुंकत राहिली. जाळ गुडघ्याएवढा झाला तेव्हा तिच्या डोळ्यांना धार लागली होती. धुरानं, म्हणाली.

"ढकल बोट."

ढकलली, आणि सवयीनं मीही एक पाय आत टाकला.

"तू कुठे? घरून सालपटं आणणाऱ्याला इथे जागा नाही. आधी पेटवून दाखव."

डाव्या हातानं सुकाणू धरून ती एकटी निघून गेली. आणि मी, सत्तरीचा म्हातारा, पावसात बसून ओली फांदी सोलायला लागलो.