खालची हातभर जागा

मी रोहणा सोडलं त्या सकाळी आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या चिखलात होते. दिवाळीला आठ दिवस उरले होते. आमच्याकडे दिवाळीआधी मातीच्या भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायचा म्हणजे द्यायचाच, मग घरातलं कोणी नोकरीला निघो की सरणावर. बादलीत भिजवलेली माती, जुन्या लुगड्याचा बोळा आणि भिंतीवरून वरून खाली फिरणारा आईचा उजवा हात. पुलगावच्या एसटीची वेळ झाली. मी बॅग उचलली तशी ती उठली आणि दोन्ही हात पुढे करून माझ्याकडे आली. मी एक पाऊल मागे सरले. "हात नको लावू, नवीन ड्रेस आहे," म्हणाले. ती थांबली, हसली, हात मागे घेतले. "जाय बाई. पोहोचली का फोन करजो."

ड्रेस पिवळा होता. पुण्यात पहिल्याच धुण्यात त्याचा रंग उतरला.

मला तो पोतारा मनापासून नकोसा होता. मी एकुलती एक, बाबा मी बारावीत असताना गेले, त्यामुळे बादली वाहून आणायचं काम माझंच. आर्वीला कॉलेजात गेले की नखांच्या कडांना पांढरी माती दिसायची आणि बेंचवरच्या मुली विचारायच्या, "काऊन वो, चुना खाते का?" तेव्हाच ठरवलं होतं की एक दिवस या घरातून ही बादली कायमची बाहेर काढीन. माणसानं काय काय ठरवावं याला काही मर्यादा असती तर बरं झालं असतं.

पुण्यात आठ वर्षांनी फ्लॅट घेतला. बिल्डरनं दिलेला पांढरा रंग दवाखान्यासारखा वाटायचा आणि पेंटरला बोलवायला हात आखडत होता, म्हणून मी व्हिडिओ पाहून स्वतःच सुरुवात केली. पहिली भिंत बेडरूमची. पुट्टी पातळ झाली आणि ओघळली. पॉलिश पेपरनं घासताना तोंडाला रुमाल बांधायचा असतो हे खोकला लागल्यावर कळलं. मास्किंग टेप रंग पूर्ण वाळल्यावर ओढली, तर टेपेसोबत रंगाची सालं निघाली. पण तिसरी भिंत बरी जमली आणि चौथी चांगली. सोसायटीतल्या बायका बघून गेल्या. ऑफिसात मी फोटो दाखवू लागले, मग लोकांना सल्ले देऊ लागले. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच, फक्त माझं हळकुंड फिक्या हिरव्या रंगाचं होतं.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून गेलेत त्यांना हा रोग माहीत असेल. शहरात एखादी गोष्ट जमली की ती गावाला शिकवायची खाज सुटते. मी एक वही केली. पहिल्या पानावर 'आईची खोली' लिहिलं, खाली मापं, सामानाची यादी, कोणत्या दिवशी काय करायचं. पाच दिवसांचा बेत होता. भिंत धरून ठेवणारं चिकट केमिकल, पुट्टी, प्रायमर, आतून धुता येणारा प्लास्टिक पेंट आणि परसाकडच्या मागच्या भिंतीला बाहेरून रबरासारखं वॉटरप्रूफ कोटिंग. एप्रिलच्या उन्हात हे सगळं डिकीत भरून मी रोहण्याला उतरले. आईला आधी काही सांगितलं नव्हतं. तिला सरप्राइज द्यायचं होतं.

सरप्राइज म्हणजे काय, तर मी तिची पेटी, तिचे डबे, तिची खाट दोन तासांत अंगणात काढून टाकली. नागपंचमीला तिनं गेरूनं काढलेले नाग कोपऱ्यात होते, ते पट्टीनं खरवडले. ती समोरच्या छपरीत बसून बघत राहिली. मी तिच्याशी मुद्दाम पुण्याचं मराठी बोलत होते. घरी आलं की जीभ आपोआप वळायची, पण त्या पाच दिवसांत मी ती वळू दिली नाही, कारण पुण्याच्या मराठीत बोललं की आई वाद घालत नाही हे मला माहीत होतं.

एकदाच ती बोलली. बाहेरून कोटिंग लावायला घेतलं तेव्हा ती उठून आली आणि भिंतीच्या पायथ्याशी वाकून हात आडवा धरला. "खालची हातभर जागा तरी सोडजो वो. भिंतीले वारं लागू दे. खालून ओल चढते, तिनं निघावं कुठून?"

मी ब्रश खालीही ठेवला नाही. म्हणाले, "आई, तुला यातलं काय कळतं? जन्मभर चिखलात हात घालून काय मिळालं तुला?"

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तेही खरंच हाय." आणि माझ्यासाठी चहा मांडायला गेली. तिनं भांडण केलं असतं तर मी कदाचित ऐकलं असतं, पण चहा चांगला झाला होता आणि मी पायथ्यापर्यंत सगळं बुजवून टाकलं.

खोली खरंच सुंदर झाली. शेजारपाजार बघायला आला. ज्याच्या हातांनी हे घर बांधलं तो दौलत गवंडीही आला, आता सत्तरीला टेकलेला. त्यानं बोटाच्या पेरानं भिंत वाजवली, आईकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन तंबाखू मळत उभा राहिला. मला वाटलं, म्हातारा जळतोय. आई मात्र येईल त्याला सांगत होती, "माया पोरीनं केलं, एकटीनं. आता मले पोतारा नाई का काई नाई." मी पुण्याला परतले ती जन्माचं ऋण फेडून आल्यासारखी.

त्यानंतर दर रविवारी फोनवर माझा ठरलेला प्रश्न असायचा, भिंत कशी आहे? आणि तिचं ठरलेलं उत्तर. "भिंत चांगली हाय. तू जेवली काय?"

पोतारा म्हणजे फक्त रंग नव्हता हे मला किती उशिरा कळावं! आई दरवर्षी त्या बोळ्यानं भिंतीचा इंच न् इंच चाचपत असे. कुठे मऊ लागलं, कुठे उंदरानं पोखरलं, कुठे वाळवीची रेघ आली, हे तिच्या तळहाताला कळायचं, आणि ती तिथल्या तिथे माती थापून बुजवायची. चाळीस वर्षं ती भिंत तिच्या हातावर उभी होती. मी तो हात भिंतीवरून काढला आणि वरून गुळगुळीत झाकण लावलं. जमिनीतली ओल चढत राहिली, छपराच्या कवेलूंतून झिरपलेलं पाणी उतरत राहिलं, आणि बाहेर पडायला त्याला मी एक बोटभर जागा ठेवली नव्हती.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टात झड लागली. तीन दिवस पाऊस थांबला नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी मीटिंगमध्ये होते आणि दौलतचा फोन आला. त्यानं हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "मांगची भिंत बसली. मायचा हात खाली सापडला. वर्ध्याले घेऊन चाललो, या."

दुसऱ्या दिवशी मी पोहोचले तेव्हा तिचा उजवा हात खांद्यापर्यंत बांधलेला होता आणि तिला गुंगी होती. दौलत दवाखान्याच्या बाकावर बसला होता. मी विचारलं, एकाएकी कशी पडली? त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही.

"एकाएकी काऊन पडन? होळीपासून पोट फुगलं होतं भिंतीचं. आतून गारा झाला होता. मी म्हटलं, माय, हे खरवडून टाकतो, माती मोकळी करतो. तं म्हणे, नाई, माया पोरीनं उन्हातान्हात केलं, ते कोणी हात लावाचं नाई. फुगार दिसू नाई म्हणून त्याच्यावर कॅलेंडर टांगलं. तुमचा व्हिडिओ कॉल आला का त्याच्यापुढं जाऊन बसे."

मला ते कॅलेंडर आठवलं. मी एकदा म्हणालेही होते, आई, एवढ्या छान रंगावर ते कॅलेंडर कशाला, काढ ते. ती म्हणाली होती, तारीख पाहाले लागते न.

"काल दुपारी तिनंच कॅलेंडर काढलं," दौलत म्हणाला. "हात लावून पाहून राह्यली होती, किती ओली झाली ते. दीड वर्षानं हात लावला तिनं, अन् तवाच बसली." मग तो उठला, धोतर झटकलं. "शिकेल माणसाले कोणी सांगावं, बाई."

हात वाचला म्हणतात, म्हणजे तो अंगाला आहे. बोटं मिटत नाहीत आणि मनगटाखाली काही कळत नाही. मी तिला पुण्याला आणलं. तिसऱ्या मजल्यावर, माझ्या सुंदर भिंतींमध्ये, ती नऊ महिने राहिली. सोसायटीतल्या बायका भेटायला आल्या की हात पदराखाली घ्यायची आणि सांगायची, "माया पोरीनं गावचंही घर असंच रंगवलं होतं. लई साजरं दिसे." एका शब्दानं कधी दोष दिला नाही. दिला असता तर मी तिच्यावर ओरडले असते, आणि मग आम्ही दोघी मोकळ्या झालो असतो. तिनं मला तेवढीही सवलत दिली नाही. जेवताना घास डाव्या हातानं, वेणी घालायला मी, ब्लाउजचे हुक मी. आणि रोज संध्याकाळी तोच एक प्रश्न, "घरी कधी जाचं वो?"

मेच्या मध्यात दौलतनं भिंत पुन्हा मातीची उभी केली. आईनं विटेची नकोच म्हटलं होतं. मी पंधरा दिवसांची सुटी टाकून तिला घेऊन गेले आणि उरलेल्या तीन भिंतींवरचा माझा रंग स्वतः खरवडला, त्याच पट्टीनं, ज्या पट्टीनं पुट्टी लावली होती. हिरवे पापुद्रे ताटाएवढे निघत होते आणि मागची माती काळपट, कुबट वासाची. नव्या भिंतीला पोतारा दिला तोही मी. आई खुर्चीवर बसून सांगत होती, वरून खाली ने, हात उचलू नको, आता पलट. दौलतनं मुलीकडे वडनेरला जाण्याआधी बजावलं होतं, "पाऊस लागाच्या आत आतून वाळली पाह्यजे. ओल राह्यली तं बसन. मायले आत्ताच तिथं झोपू देऊ नका. मी आल्यावर पाहीन, मंग सांगीन."

तो चार दिवसांत येणार होता. माझी सुटी दुसऱ्या दिवशी संपत होती.

त्या संध्याकाळी आई खुर्चीवरून उठली, भिंतीपाशी गेली आणि सवयीनं उजवा हात टेकवला. इकडून तिकडे फिरवून पाहिला. मग डावा टेकवून पाहिला. "डाव्याले काय समजते," म्हणाली. माझ्याकडे वळली. "तू पाहाय बरं बाई. ओली हाय का कोरडी? मले समजत नाई."

मी तळहात ठेवला. गार लागलं. संध्याकाळचं गार की आतल्या ओलीचं, मला कळलं नाही. मला कसं कळणार, मी तर कॉलेजभर नखांतली माती घासून काढत बसले होते. दौलतला फोन करता आला असता. तिला चार दिवसांसाठी पुण्याला परत नेता आलं असतं. शेजारी झोपायला पाठवता आलं असतं. पण तुमच्यापैकी गाव सोडलेल्यांना हे कळेल, म्हणून खरं सांगते. मला तो हात पुन्हा माझ्या घरात नको होता. जेवताना समोर, टीव्ही बघताना शेजारी, वेणी घालताना माझ्या मांडीवर, तो न मिटणारा हात मला नऊ महिने पुरला होता.

"कोरडी हाय, आई," मी म्हणाले. आमच्या बोलीत म्हणाले, म्हणजे तिला खरं वाटेल.

"मंग मी इथंच राह्यतो," ती म्हणाली आणि खुश झाली. खाट तिनं त्याच भिंतीला लावून घेतली, परसाकडून वारं येते म्हणून. सकाळी मी निघाले तेव्हा यावेळी मीच तिच्याजवळ गेले. तिनं दोन्ही हात मागे घेतले. "राहू दे, कपडे खराब होतीन तुये," म्हणाली. हात कोरडे होते, स्वच्छ होते. तिला फक्त माझी जुनी सवय आठवत होती.

आता पाऊस लागून महिना झाला. दौलतला मी अजून फोन केलेला नाही, त्यानंही केलेला नाही; तो वडनेरहून आला का, त्यानं भिंत पाहिली का, हे मी आईलाही विचारलेलं नाही. जे गाव सोडून गेले ते म्हणतात, घर म्हणजे वास, घर म्हणजे चव, घर म्हणजे अंगण. म्हणोत बिचारे. माझं घर म्हणजे एक भिंत आहे. मी रोज संध्याकाळी फोन लावते आणि विचारते, आई, भिंत कशी आहे? तिच्या मागे कवेलूंवर पाऊस वाजत असतो.

"भिंत चांगली हाय," ती म्हणते. "तू जेवली काय?"