तरव्याखालचं पुस्तक

अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल, माफ करा. मी चौथीपर्यंतच शिकले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवासमोर उभी राहूनसुद्धा नाही.

माझी धाकटी बहीण जानकी धारवाडला कॉलेजात प्राध्यापक आहे, तिथलं ग्रंथालयही तीच बघते. गेल्या महिन्यात तिची एक विद्यार्थिनी जोयड्याहून जीप करून दिग्गीकडच्या आमच्या गावात आली. मॅडमवर लिहायचंय म्हणाली, त्यांचं लहानपण सांगा. मी सांगितलं. चुलीच्या उजेडात वाचायची, म्हशी राखताना वाचायची. पोरीनं सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, मॅडमच्या उजव्या हाताची दोन बोटं अशी वाकडी कशी?

"पडली व्हती," मी म्हटलं.

पडली होती?

चौथीनंतर बानं मला घरी बसवलं. आई नव्हती. चूल, शेण, म्हशी कोण बघणार? तीन वर्षांनी जानकीची चौथी झाली तेव्हा मास्तर स्वतः घरी आले आणि बा तिला पुढं पाठवायला कबूल झाला. माझ्यासाठी कुणी आलं नव्हतं. ही सबब नाही — राग कुठून आला तेवढं सांगते. ती वाचत बसली की तिचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटायचं. एकदा आपटलंही. ती रडली नाही, कुठल्या पानावर होती ते शोधत बसली.

ती सातवीत जायची होती. सुट्टीसाठी मास्तरांनी तिला शाळेच्या पेटीतलं पक्ष्यांच्या चित्रांचं जाड पुस्तक दिलं. ती ते फडक्यात गुंडाळून ठेवायची.

आमच्याकडे पावसाआधी तरवा भाजतात. भाताची रोपं जिथं करायची त्या तुकड्यावर शेण, फांद्या, पाला रचून पेटवतात. रचायचं काम माझं. मी पुस्तक मधोमध, पाल्याखाली ठेवलं. सकाळी बानं आपल्या हातानं काडी लावली. जानकी शेजारीच उभी होती, धुरानं डोळे चोळत. राखेतून एक काळं पान वर उडालं — मी ते पायाखाली दाबलं.

पुस्तक सापडेना. मास्तरांचा निरोप आला, पुस्तक आणा नाहीतर किंमत भरा. बा प्यालेला होता असं लिहिलं तर सोपं जाईल. पण तो प्याला नव्हता.

"शिमटी आण गं," मला म्हणाला.

कुडाशी वाळकी काठी पडली होती. मी ओली तोडली. वाळकी दोन फटक्यांत मोडते, हे मला ठाऊक नव्हतं का?

"कुठं हाय पुस्तक?" बानं जानकीला विचारलं.

"न्हाई ठावं, बा."

"इकून खाल्लंस व्हय गं, मास्तरणी?"

पाठीची सालं निघाली. तेवढ्यानं त्याचं भागेना, त्यानं कुऱ्हाडीचा दांडा उचलला. ती डोकं झाकत होती, दांडा बोटांवर बसला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं.

"आक्का, सांग की गं बाला!" ती ओरडली.

तिला काही माहीत नव्हतं. ती पुस्तक किती जपते, एवढंच मी सांगावं असं तिला वाटत होतं. मी काय सांगितलं?

"म्हशीमागं नेत व्हती. टाकलं असंल कुठंतरी."

त्यानंतर बानं तिला आणखी मारलं. दमल्यावर म्हणाला, किंमत भरीपर्यंत शाळा बंद.

बोटांना बांबूच्या कामट्या बांधून ती रानात भिरंडं — कोकमं — वेचायला जाऊ लागली. सोलताना आंबट रस जखमांत जायचा, ती दात आवळायची. मी शेजारी बसून सोलत होते. रोज. रोज सांगता आलं असतं.

सालं वाळवून जोयड्याच्या दुकानदाराला घातली. शाळा उघडली त्या दिवशी बानं मला तिच्याबरोबर धाडलं. मी दाराशी थांबले. तिनं डाव्या हातानं नोटा आणि चिल्लर मास्तरांच्या टेबलावर ठेवली. मास्तरांनी दोनदा मोजली, पुरी भरली म्हणाले, आणि तिला वर्गात बसवलं.