कोपऱ्यातलं भोक
सोल्डरचा धूर नाकात गेला की वसमतचं ते पत्र्याचं शेड आठवतं. लाकूड कोरणाऱ्या छोट्या सीएनसी मशीनच्या मोटारी चालवणारे बोर्ड तिथं मी आणि माझा दोस्त बनवायचो. डिझाईन माझं, विक्री त्याची. धुतलेला बोर्ड खिळ्याला वाळत टांगता यावा म्हणून मी कोपऱ्यात एक जास्तीचं भोक ठेवायचो. ‘धंद्यात दम न्हाई,’ म्हणत तो वेगळा झाला, अन् पुढं एका सुताराकडं मशीनमध्ये मला दोस्ताचं नाव छापलेला तसाच बोर्ड दिसला, कोपऱ्यात तेच भोक! दोस्त तिथंच मशीन जोडत होता. ‘हे भोक काहून?’ सुतारानं विचारलं. माझ्याकडं न बघता तो म्हणाला, ‘हवा खेळायला.’ हवा, म्हणे! मी ते भोक अजून ठेवतो. आता गिऱ्हाईकच बोर्ड उलटसुलट करून मला विचारतं, ‘त्यांच्या बोर्डाची नक्कल हाय व्हय?’