श्रीखंडाच्या डब्यातला प्लग

तुमचे दत्ताआजोबा गेले हे मला सुमनने सकाळी नऊच्या सुमारास फोनवर सांगितलं. “ताई, हे गेले हो...” एवढंच. सुमन म्हणजे त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ. मी तेव्हा औषधांचा डबा आवरत होते. मुदत संपलेल्या गोळ्या एका बाजूला, चालणाऱ्या दुसऱ्या बाजूला. फोन ठेवल्यावर मी उरलेल्या गोळ्या लावून संपवल्या आणि मगच पायात चपला घातल्या. ईशान, रेवा, तुमची आजी अशी आहे. पुढे जे सांगणार आहे ते समजायला हे आधी माहीत असलेलं बरं.

दुपारपर्यंत माझ्या फोनवर जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. ज्यांनी गेल्या वीस वर्षांत दत्ताआजोबांच्या भांडुपच्या गॅरेजकडे मान वळवून पाहिलं नव्हतं, त्यांना एकाएकी त्यांच्यात देवमाणूस दिसू लागला. आपल्याकडे माणूस चालता-बोलता असेपर्यंत देवमाणूस दिसत नाही, त्याला आधी आडवं व्हावं लागतं. मुलुंडच्या ज्या शाळेत मी शिकवत होते तिच्या कमिटीचे माजी अध्यक्ष सबनीस यांनी तर इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. त्यात तीन चुका होत्या. जन्मभर इंग्रजी शिकवलं की सुतकातसुद्धा चुका दिसतात. हे सगळं मी तुम्हाला साध्या पत्रानेही कळवलं असतं. पुरवणीला देते आहे, कारण ज्यांनी हे वाचायला हवं ते लोक रविवारचा पेपर सोडून काही वाचत नाहीत. तुम्हाला तुमची आई वाचून दाखवेल.

आधी खरं सांगते. मला दत्ताभावजी आवडत नसत. तुमच्या आजोबांचे ते सख्खे धाकटे भाऊ, पण आजोबा ऑफिसात गेले आणि हे अकरावीला शाळा सोडून गॅरेजात गेले. नखं कायम काळी. मुंबईत जन्म जाऊनही बोलणं मालवणी, तेही मोठ्याने. घरी आले की मी सोफ्यावर जुनी चादर टाकायची, आणि ते चादर पाहूनच नेमके तिच्यावर बसायचे. मला वाटायचं, या माणसाला अपमानही कळत नाही. आणि तोंडात सदा तो एकच विषय, तेलाचा प्लग! गाडीच्या इंजिनाखाली तेल साठवणारी परात असते. जुनं तेल काढायला तिच्या बुडाशी एक प्लग असतो. साधा प्लग म्हणजे निव्वळ बूच. भावजी त्याच्या जागी टोकाला लोहचुंबक बसवलेला प्लग लावायचे. इंजिनात लोखंड लोखंडावर घासतं, त्याचा बारीक कीस तेलात उतरून सगळीकडे फिरतो, आणि चुंबक त्याला धरून ठेवतो. तेल बदलताना प्लग काढायचा आणि त्यावर काय जमलंय ते बघायचं. काजळासारखा मऊ राखाडी लेप असला तर काळजी नाही, इंजिनाचं वय होतंय. पण बोटाला टोचणारं, चमकणारं काही निघालं तर आत काहीतरी तुटतंय. “पितळ न् ॲल्युमिनियम चुंबकाक चिकटणा नाय, म्हणून नुसत्या ह्याच्यार विसंबूचा नाय,” हेही तेच सांगायचे. “पण लोखंड खोटा बोलणा नाय, वहिनी. माणूस बोलता.” मी मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, उठा आता.

त्यांची एक वही होती. प्रत्येक गाडीला एक पान. तारीख, किलोमीटर, मग चिकटपट्टीखाली प्लगवरचा कीस, त्यापुढे निदान, आणि शेवटी एक रकाना: ‘पुसला कोणी’. प्लग पुसून, घट्ट बसवून, ज्याने ते केलं त्याने तिथे नाव लिहायचं. प्लग सैल राहिला तर तेल गळून इंजिन संपतं, म्हणून ही शिस्त. गॅरेजात ते एकटेच काम करायचे, तरी दर वेळी लिहायचे, ‘स्वतः’. एकट्या माणसाने हजेरी घ्यावी तसा तो प्रकार मला विनोदी वाटायचा. वर्गाचं हजेरीपत्रक मी स्वतः किती कौतुकाने भरायचे, ते मात्र विनोदी वाटायचं नाही.

शाळेची एक जुनी बस होती आणि तिचं काम भावजींकडे असायचं. मी तेव्हा पर्यवेक्षिका होते. तुमचे आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले होते, तुमची आई कॉलेजात होती, आणि घर माझ्या नोकरीवर चालायचं. शाळेची सहल रविवारी त्याच बसने जायची होती. शुक्रवारी संध्याकाळी भावजी श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन आले आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी तो उघडला. आत बसचा प्लग, बसला त्यांनी तात्पुरतं साधं बूच लावलं होतं. त्याच्या टोकाला काळ्या लगद्यात रुतलेले तुकडे होते, माशाच्या काट्यांसारखे, एका बाजूने लख्ख चमकणारे.

“ह्या बघा. ऑइल पंपाचे दाते तुटतत. पंप गेलो तर तेल वर चढणा नाय, न् तेल नाय चढला तर इंजिन जाम. रविवारी ही बस घाटात बसतली.”

“मग कमिटीला सांगा ना,” मी म्हटलं. “मला काय कळतंय त्यातलं?”

“उद्या मिटिंगेत सांगतंय. तोपर्यंत ह्यो डबो तुमच्याकडे ठेवा. माझ्या गॅरेजात कीसच कीस. ह्याका आणखी काय चिकटला तर सबनीस म्हणतलो, हा तर तुझ्या जमिनीवरचा. तुमच्यासारखा स्वच्छ घर खंय गावतला?” आणि दारातून वळून म्हणाले, “फक्त पुसू नकात हां.”

मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं कधी म्हणणार नाही. पण मला ते त्यांच्या नेहमीच्या गबाळेपणातलं वाटलं. अध्यक्षांसमोर, शाळेच्या पॉलिश केलेल्या टेबलावर, माझ्या आडनावाचा माणूस असली काळी किळसवाणी वस्तू ठेवणार! त्यातल्या काट्यांशी मला कर्तव्य नव्हतं, दिसत होती ती घाण. मी रॉकेलच्या फडक्याने पुसून पाहिलं. चुंबक सोडेना. मग पोळ्यांसाठी कणीक भिजवलेली होती, तिचा गोळा घेऊन टिपत गेले, टिपत गेले, आणि सगळं निघालं. गोळा कचऱ्यात टाकला. प्लग चकचकीत झाला. स्वतःवर खूश होऊन मी तो पांढऱ्या रुमालात गुंडाळून परत डब्यात ठेवला. शाळेत शिकून माणसाला अक्कल येते असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

शनिवारच्या सभेत इतिवृत्त लिहायला मीच बसले होते. भावजींनी मी आणलेला डबा उघडला, रुमाल सोडला, आणि डब्याचा तळ पाहिला. सबनीसांनी प्लग उचलून ट्यूबलाइटखाली धरला. “वा, दत्ताराम! हा तर आहेरात द्यायला चालेल.” मंडळी हसली. भावजी म्हणाले, “साहेब, काल यावर तुकडे होते. ऑइल पंपाचे. माझ्या डोळ्यांनी बघितलेत.” सबनीस म्हणाले, “काल होते, आज उडाले? अरे, मी डिग्रीवाला इंजिनिअर आहे. तू मॅग्नेट लावून इंजिनाची पत्रिका मांडतोस होय? मग सांग ना, शनी कुठल्या घरात आहे?” आता तर चहा आणणारा शिपाईसुद्धा हसला. एवढा वेळ एकाही शहाण्याने असं विचारलं नाही की बाबा रे, हा माणूस स्वतःचं हसं करून घ्यायला सकाळी सकाळी कशाला येईल? चार डिग्र्या, दोन निवृत्त अधिकारी आणि एक नगरसेवकाचा मेहुणा, एवढ्या ऐवजातून एक साधा प्रश्न निघाला नाही.

भावजींनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी वहीत खाली पाहिलं. “मी पुसला,” एवढे दोनच शब्द होते. ते बोलायला मला जमलं नाही, आणि हाताने मी लिहिलं, ‘तपासणीत दोष आढळला नाही.’ भावजी म्हणाले, “ठीक आहे साहेब. पण बस पाठवू नका.” सबनीसांनी घड्याळ बघितलं. बाहेर पायऱ्यांवर भावजी डब्यातला प्लग बोटाने फिरवत उभे होते. मी जवळून जाताना ते हळूच म्हणाले, “कणकेन काढलात काय?” मी “हो” म्हटलं. “तरीच. रॉकेलान सुटणा नाय तो.” बस्स. त्या विषयावर ते माझ्याशी आयुष्यात एवढंच बोलले.

रविवारी खोपोलीच्या घाटात चढावर बस बसली. मी पुढच्या सीटवर होते. आधी जळका वास, मग दगडावर दगड घासावा तसा आवाज, आणि एकदम शांतता. बस मागे सरकली. हातभरच... पण तेवढ्यात बावन्न मुलं एकदम गप्प झाली, आणि मुलं गप्प होतात तेव्हा काय असतं ते मी तिथे ऐकलं. पवार ड्रायव्हरने उडी मारून मागच्या चाकाला दगड लावला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. दुसरी गाडी यायला तीन तास लागले, आणि त्या तीन तासांत मुलांच्या भेंड्या मी घेतल्या.

पुढच्या आठवड्यात कमिटीने ठरवलं की दोष गॅरेजचा. सर्व्हिसिंग नीट झालं नाही, म्हणून इंजिन गेलं. ज्या माणसाने बस पाठवू नका म्हणून सांगितलं, त्याच्याच नावाचं पत्रक पालकांना गेलं. ते इंग्रजीत हवं होतं आणि इंग्रजी माझं चांगलं, त्यामुळे ते मी लिहिलं. ‘निग्लिजन्स’, म्हणजे हलगर्जीपणा, हा शब्द सबनीसांना सुचला नव्हता, त्यांनी नुसतं ‘चूक’ म्हटलं होतं. शब्द मी पुरवला. मुलुंडमधल्या गाड्या महिन्याभरात भावजींकडे जायच्या बंद झाल्या. पुढे त्यांनी रिक्षा आणि टेम्पो केले. माझी गाडी मात्र ते शेवटपर्यंत करत राहिले. तेल बदललं की प्लग घेऊन दारात यायचे, चपला न काढता उंबऱ्याबाहेरूनच दाखवायचे, “बघा, नुसतो लेप. गाडी बरी हा.” मी सोफ्यावर चादर टाकायची कधीच बंद केली होती. ते आत येऊन बसायचेही बंद झाले होते. ते काय बघतायत, प्लग की माझा चेहरा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

ते गेल्यावर पंधराव्या दिवशी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. हार होता, माइक होता आणि सबनीस होते. त्यांनी नेहमीसारखी वीस मिनिटं घेतली. त्यात भावजी चार मिनिटं, बाकी स्वतः. शेवटी म्हणाले, “त्या एका बसचा काय तो डाग, नाहीतर माणूस सोन्यासारखा.” मी उठले. गुडघे दुखतात म्हणून मी हल्ली राष्ट्रगीताशिवाय उभी राहत नाही, पण उठले. म्हटलं, “सबनीस, तो डाग माझा आहे. प्लगवर तुकडे होते. तुमच्याकडे आणण्याआधी मी ते पुसले. आणि तुमचं पत्रकही मीच लिहिलं.” मला वाटत होतं छत कोसळेल. सेक्रेटरीबाई धावत येऊन म्हणाल्या, “मॅडम, बसा हं, बीपी वाढेल.” सबनीस हसून म्हणाले, “अहो मॅडम, किती जुनी गोष्ट! बसही भंगारात गेली. आता कशाला उकरायची? चला, चहा थंड होतोय.” आणि वड्यांचा ट्रे फिरला. इतकी वर्षं ज्या दोन शब्दांना मी घाबरले, ते ऐकून एकाही माणसाने हातातला वडा खाली ठेवला नाही. असल्या माणसांच्या मतासाठी मी त्या माणसाला विकलं! त्यांचा तिरस्कार करावा तर त्यात मीच पहिल्या ओळीत बसलेली दिसते. सुमन मात्र खाली बसलेली होती तशीच माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

मागच्या आठवड्यात ती घरी आली आणि तिने ती वही टेबलावर ठेवली. “गॅरेज रिकामं करताना सापडली. तुम्ही बघा, ताई.” मी शाळेच्या बसचं पान काढलं. दर तीन महिन्यांचा राखाडी अंगठाभर लेप, त्यावर पिवळी पडलेली चिकटपट्टी, पुढे ‘ठीक’, ‘ठीक’, ‘ठीक’, आणि ‘पुसला कोणी’ या रकान्यात प्रत्येक ओळीला ‘स्वतः’. शेवटची ओळ त्या शुक्रवारची. मला वाटलं तिथे पट्टीखाली काही नसेल. पण होतं. मोहरीएवढा, वाळून दगड झालेला कणकेचा कण. प्लगच्या खाचेत राहिला असणार. मी भिंगातून पाहिलं. त्या कणात एक काटा अडकला होता, एका बाजूने अजून लख्ख. पुढे त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात, ‘ऑइल पंप’.

म्हणजे पुरावा त्यांच्याकडे होता. पत्रक निघालं तेव्हा होता, रिक्षांच्या खाली आडवं पडून काम करावं लागलं तेव्हाही होता. ती वही नेऊन सबनीसांच्या टेबलावर आपटली असती तर त्या डिग्रीवाल्यालाही दिसलं असतं. फक्त कोणीतरी विचारलं असतं, यात कणीक कुठून आली? त्यांनी तो प्रश्न कोणाला विचारू दिला नाही. आणि त्या ओळीचा शेवटचा रकाना त्यांनी कोरा ठेवला होता. अख्ख्या वहीत तेवढा एकच.

जन्मभर मी हजेरीपत्रकं तपासली, आणि कोरा रकाना दिसला की संबंधित बाईंना बोलावून घेऊन भरायला लावला. सुमनला मी पेन मागितलं नाही, माझंच उठून आणलं. ती वहीचं पान हाताने सपाट धरून बसली. त्या रकान्यात मी माझं पूर्ण नाव लिहिलं, निळ्या शाईने, आणि ती वाळेपर्यंत वही तशीच उघडी ठेवली.