लेकीच्या गाडीला दहावा नंबर

शर्यतींचा नवा मोसम सुरू व्हायच्या आधीचे काही दिवस ज्योतिषीबुवांच्या घरात कुणालाच धड बसता येत नसे. बुवांना तर नाहीच. ते खुर्चीत बसत, पाय हलवत, उठत, गॅस बंद आहे का ते पाहून येत आणि पुन्हा बसत. चहा मागत आणि तो निवेपर्यंत दाराशी जाऊन उभे राहत. "पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलाय हा माणूस," बायको म्हणे, "आणि वर मलाच विचारतो, तू सारखी का फिरतेस म्हणून."

ज्योतिषीबुवा हे अर्थात कचेरीतलं टोपणनाव. कुंडली सोडाच, त्यांना स्वतःच्या लग्नाची तारीखसुद्धा बायकोला विचारावी लागे. ते एका क्रीडा-दैनिकात मोटार शर्यतींवर लिहीत, आणि दर वर्षी पहिल्या शर्यतीआधी दहा संघांपैकी यंदा कोण कितवा येणार हे छापून मोकळे होत. त्यातही 'कदाचित', 'बहुधा' असले शब्द त्यांना खपत नसत. "भाकीत करायचं तर छातीठोक करा, नाहीतर घरी बसून वाटाणे सोला," असं ते नव्या बातमीदारांना सुनावत. गंमत अशी, की त्यांचं भाकीत बहुतेक खरं ठरे. संघांचे मालकही सकाळी आधी तो मजकूर वाचत आणि मग तोंड धूत.

तसं हे काम म्हणजे पाण्यातल्या म्हशीचं मोल करणं. मोसमाआधी सगळ्यांना मैदानावर सरावाचे मोजके दिवस मिळतात आणि तिथे प्रत्येक संघ झाकली मूठ घेऊन वावरतो. कुणी इंजिन मुद्दाम दबकत चालवतो, तर कुणी टाकीत चमचाभर इंधन घालून गाडी पिटाळतो. टाकी रिकामी म्हणजे गाडी हलकी, आणि हलकी गाडी पळणारच. घड्याळात झकास वेळ दिसते, वर्तमानपत्रं नाचतात, पाठबळ देणाऱ्या कंपन्या खूश होतात. खऱ्या शर्यतीत मात्र टाकी भरूनच निघावं लागतं आणि सोंग उघडं पडतं.

बुवांनी या सोंगावर आपली एक तोड काढली होती. ते घड्याळाकडे बघतच नसत. मैदानाच्या मागच्या बाजूला एका अवघड वळणाच्या तोंडाशी रस्त्याला उंचवटा होता. तिथल्या कुंपणाच्या जाळीला नाक लावून ते दिवसभर उभे राहत. भरल्या टाकीची गाडी त्या उंचवट्यावर पोट घासून जाई आणि तिच्याखालून ठिणग्या उडत. रिकामी गाडी मात्र टुणकन पलीकडे. "गाडी तोंडानं खोटं बोलेल, पोटानं नाही बोलणार," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. लेक लहान असताना तिलाही ते सोबत नेत. ती त्यांच्या खांद्यावर बसून "घासली!", "नाही घासली!" असं ओरडायची आणि शेजारच्यांचे कान किटवायची.

तीच पोरगी आता सगळ्यांत छोट्या संघाच्या गॅरेजमध्ये गाड्यांच्या स्प्रिंगांचं काम बघत होती. ती तिथे लागली त्या दिवशी बापलेकीत करार झाला की घरात गाड्यांचा विषय काढायचा नाही. त्यांनी विचारायचं नाही, तिनं सांगायचं नाही. करार दोघांनीही इमानेइतबारे पाळला. त्यामुळे जेवताना दोघांना बोलायला काही उरलं नाही आणि सगळा भार बायकोवर पडला. ती शेजारणीच्या गुडघ्यांबद्दल बोलत राही.

यंदा सरावाच्या दुसऱ्या दिवशी आक्रीत घडलं. गेल्या मोसमात रखडत शेवटी आलेला लेकीचा संघ घड्याळातल्या वेळेत चक्क दुसरा आला. मैदानभर एकच गलका झाला. बुवा कुंपणाशीच होते. लेकीच्या संघाची गाडी उंचवट्यावर आली आणि अलगद निघून गेली. ना ठिणगी, ना आवाज. पुढच्या फेरीला तेच, त्याच्या पुढच्याही फेरीला तेच. बुवा जाळीपासून मागे सरले. टाकी रिकामी आहे, दुसरं काय! लेकीच्या संघाचा मालक पाठबळासाठी एका बड्या कंपनीच्या मागे लागलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. कंपनीनं पाठबळ दिलं नाही तर गॅरेजला टाळं लागणार, हेही. मग हे सोंग कशासाठी, ते वेगळं सांगायला नको होतं.

त्या संध्याकाळी लेक ताटातलं अन्न नुसतं चिवडत बसली. एरवी ही पोरगी पोटात कावळे घेऊनच घरात शिरायची. बुवा तिच्याकडे चोरून बघत होते, ती त्यांच्याकडे. शेवटी करार तिनंच मोडला.

"बाबा, यंदा आमचा संघ गाळा."

"गाळा म्हणजे?"

"म्हणजे नऊच संघांचं लिहा. आमच्याबद्दल चांगलंही नको नि वाईटही नको."

"का?"

"का ते नका ना विचारू."

बुवा ताटावरून उठले. हात धुऊन आले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. पोरीनं स्वतःच्या तोंडानं कबूल केल्यासारखंच होतं हे. ती आत गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, ती कधी काही मागत नाही. एवढं एक गाळलंत तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून? मला नाही जमायचं."

"जमत नाही ते दिसतंच आहे. निदान पाय हलवायचं थांबवा, टेबल हलतंय."

दुसऱ्या दिवशी कचेरीत बुवांनी लेकीच्या संघाला आठवा नंबर दिला. मग ते खिडकीशी गेले. लोक म्हणतील, बापानं हात राखून लिहिलं. परत येऊन त्यांनी आठव्याचा नववा केला. पाणी पिऊन आले आणि नवव्याचा दहावा केला. खाली लिहिलं, "ही दुसरी जागा गाडीची नाही, रिकाम्या टाकीची आहे."

"सगळं जग त्यांना डोक्यावर घेऊन नाचतंय आणि तुम्ही थेट तळाला?" संपादक म्हणाले. "तुमचीच मुलगी आहे ना हो तिथं?"

"म्हणूनच," बुवा म्हणाले.

मजकूर छापून आला आणि कंपनीनं हात आखडता घेतला. आधी पहिली शर्यत बघू, मग सही करू, असा निरोप मालकाला गेला. लेक त्या दिवसापासून बापाशी बोलली नाही. भांडलीही नाही. सकाळी डबा घेऊन निघायची, आणि बुवा दारापर्यंत जाऊन काहीतरी म्हणायचं म्हणून "छत्री घेतलीस का?" असं विचारायचे. बाहेर लख्ख ऊन असायचं. त्यांना अन्न गोड लागेना. आपण खरं लिहिलं, हे ते स्वतःला इतक्यांदा सांगत होते की त्याचाच त्यांना संशय यायला लागला.

शर्यतीच्या दिवशी ते पत्रकारांच्या कक्षात गेलेच नाहीत, थेट त्या मागच्या कुंपणाशी जाऊन उभे राहिले. सगळ्या टाक्या काठोकाठ भरलेल्या होत्या, तसा नियमच होता. पहिल्या फेरीत गाड्या उंचवट्यावर एकामागून एक पोट घासत गेल्या, ठिणग्यांचा नुसता सडा पडला. आणि त्या गर्दीतून लेकीच्या संघाची गाडी आली आणि अलगद निघून गेली.

बुवांनी चष्मा पुसला. दुसऱ्या फेरीला तेच. टाकी गच्च भरलेली आणि तरी पोट टेकत नाही! म्हणजे गाडी सरावातही हलकी नव्हती. भरलेलीच होती. तो उंचवटा कुणीतरी स्प्रिंगांनी जिंकला होता, आणि स्प्रिंगांचं काम तिथे कोण करतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? बुवांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि त्याच क्षणी कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं. आपल्या पोरीच्या हातच्या कामाला त्यांनी गावभर सोंग म्हटलं होतं.

गाडी तिसरी आली. बुवा धापा टाकत गॅरेजच्या मागच्या दाराशी पोचले तेव्हा आत कंपनीची माणसं मालकाचा हात सोडत नव्हती. लेक बाहेर पिंपावर बसून चिंधीनं बोटांचं ग्रीस पुसत होती.

"आता उद्या सगळे मला हसणार," बुवा म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

"म्हणून तर गाळा म्हटलं होतं," ती म्हणाली. "संघासाठी नाही हो बाबा, तुमच्यासाठी. तुम्हाला त्या कुंपणाशी बघितलं तेव्हाच कळलं मला, आज बाबा चुकणार."

बुवा शेजारच्या पिंपावर टेकले आणि लगेच उठले. मग तो बापाचा जुना हेका वर आलाच. "एका शब्दानं सांगायचंस की मग! स्प्रिंगा नव्या आहेत, एवढंच."

"आणि इतर संघांनी शर्यतीआधी तशाच बसवल्या असत्या." तिनं चिंधी खाली ठेवली आणि पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "खरं सांगा. मी सांगितलं असतं, तर तुम्ही छापलं नसतं?"

बुवांनी तोंड उघडलं. 'नाही' म्हणायला काहीच लागत नव्हतं, आणि पोरगी तेवढ्याचीच वाट बघत होती, हे त्यांना दिसत होतं.

"छापलं असतं," ते म्हणाले.