डावीकडची काळी पट्टी

कमळाकर उरणजवळच्या करंजा बंदरातल्या कोळ्याचा मुलगा, पण त्याला होडी लागायची. आपल्याला एस.टी. लागते तशी. वडिलांच्या होडीत बसला की बंदर अजून दिसत असतानाच तो ओकायला सुरुवात करी. गावानं इतकी चेष्टा केली की लग्न झाल्यावर तो बायकोला घेऊन पनवेलला आला, आणि उरण नाक्याजवळ, माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून, सिनेमाच्या डिस्क भाड्यानं द्यायचं दुकान टाकून बसला. मी तेव्हा नुकतंच दुसरं मशीन घेतलं होतं. शेजारी दिवसभर मारामाऱ्या आणि गाणी चालू राहणार म्हणून पहिला महिनाभर मी त्याच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

त्याची बायको हौसा मात्र दर्यापासून सुटली नव्हती. अंधार असतानाच बाकीच्या बायकांबरोबर टेम्पोनं करंज्याला जायची, लिलावात मासळी घ्यायची आणि आमच्या नाक्यावरच्या बाजारात बसून विकायची. आवाज असा की माझी दोन्ही मशीनं चालू असली तरी तिचं गिऱ्हाइकाशी काय बिनसलंय ते मला कळे. ब्लाउजच्या बाह्यांवरून ती दर वेळी माझ्याशी भांडायची. हात मोकळा पाहिजे, हा तिचा हट्ट. हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या आणि उजव्या मनगटावर गोंदलेली तुळस. मला ती आवडायची, आणि मला फारशी माणसं आवडत नाहीत.

दोन हजार चारच्या सुमारास करंज्याच्या बंदरात एका सिनेमाचं शूटिंग झालं. लिलावाचा सीन होता, आणि गर्दी म्हणून गावातल्याच बायका उभ्या केल्या होत्या. सिनेमावाल्यांचा माणूस हौसाला म्हणाला, मावशी, जरा मध्ये या, छान दिसाल. हौसा हलली नाही. करंज्याच्या लिलावात प्रत्येक बाईची उभं राहायची जागा ठरलेली असते. सासूची जागा सुनेला मिळते, आणि एक दिवस जरी सोडली तरी दुसरी कुणी तिथं आपली मासळीची पाटी टेकवते. हौसाची जागा एका गंजलेल्या खांबाशी होती, अगदी कडेला.

"माजे सासूची जागा हाय," ती त्या माणसाला म्हणाली. "आज सोडली त उद्या दुसरी उभी ऱ्हाईल. तुमी काय मग भांडाया येनार हाय?"

तो बिचारा गेला परत. त्यामुळे सिनेमात हौसा आली ती पडद्याच्या डाव्या टोकाला.

सिनेमा पनवेलच्या थिएटरला लागला तेव्हा करंज्याहून टेम्पो भरून बायका आल्या होत्या. मीही गेले. हीरो गर्दीतून पळत येतो, आणि डावीकडे खांबाशी हौसा. वळते, पदर खोचते, कुणावर तरी ओरडते, दोन पावलं चालते आणि वाकून एका पाटीत मासे टाकते. बस, एवढंच. बायकांनी शिट्ट्या मारल्या. हौसा तोंडावर पदर धरून बसली होती. पुढं हीरोचं काय झालं ते आमच्यापैकी एकीलाही धड सांगता आलं नसतं.

आता पट्टीचं सांगायला हवं. तेव्हा टीव्ही म्हणजे चौकोनी डबे. सिनेमाचा पडदा रुंद, म्हणून काही डिस्कमध्ये अख्खं चित्र मावावं यासाठी ते बारीक करून मधोमध ठेवलेलं असे आणि वर-खाली काळी पट्टी येई. दुसऱ्या प्रकारच्या डिस्कला आम्ही 'फुल' म्हणायचो. तिच्यात टीव्ही काठोकाठ भरायचा, पण चित्राच्या दोन्ही कडा कापलेल्या असत. कमळाकर सुरुवातीला लोकांना हे समजावून सांगायचा. ऐकतो कोण? अर्धा टीव्ही काळा ठेवून सिनेमा काय बघायचा, असं जो तो म्हणे. कडेला असतं तरी काय, हीरो तर मध्येच असतो. मलाही पट्टी नको असायची. शेवटी त्यानं दारावर पाटी लावली, 'येथे फुल स्क्रीन मिळेल', आणि पट्टीवाली डिस्क आली की मुंबईच्या व्यापाऱ्याकडे परत पाठवून तो फुल मागवू लागला.

हौसाचा सिनेमाही आधी पट्टीवालाच आला होता. त्यात ती अंगठ्याएवढी दिसायची, पण अख्खी. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, ती डिस्क परत गेली आणि फुल आली. ती लावून पाहिली तर हौसा गायब. खांबही नाही. डाव्या कडेतून फक्त तिचा उजवा हात आत येतो, पाटीत मासे टाकतो आणि जातो. कमळाकरनं तिला बोलावून दाखवलं. ती हसत सुटली. "बरं झालं. माजा त्यो अवतार रोज कोन बगंल?"

मी कमळाकरला म्हटलं, अरे, पट्टीवाली एक घरासाठी ठेवायची होतीस.

"बायको घरात हाय की, ताई," तो म्हणाला. "डिस्कमदी कशाला ठेवू?"

तेव्हा मला ते अगदी बरोबर वाटलं होतं.

दोन हजार नऊ साली हौसाला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग दवाखाना, आणि मग दवाखान्यातही हात वर केले. प्राची, त्यांची मुलगी, आठ वर्षांची होती. कमळाकर रडला नाही. चिडला नाही. कार्य उरकलं तशी त्यानं दुकान उघडलं. लोक दारात येऊन वाईट वाटतंय म्हणायचे, हा मान हलवायचा आणि विचारायचा, "मारामारीचा देऊ का फॅमिली?" हौसाचा भाऊ जगन करंज्याहून सांगत आला की खांबाजवळच्या जागेवर आता दुसरी बाई उभी राहते. कमळाकर म्हणाला, "हां." मी एकदा त्याला चांगलं खडसावलं. म्हटलं, माणसासारखा रड तरी एकदा.

"काय वाटतच नाय, ताई," तो म्हणाला. "जेवायला बसतो, जेवन होतं. झोपतो, झोप लागते. मी काय करू?"

तो खोटं बोलत नव्हता. पाय मुंग्या येऊन बधिर होतो तसा तो सगळाच्या सगळा बधिर झाला होता, आणि तसाच वर्षानुवर्षं राहिला.

प्राची अर्धी त्याच्या दुकानात आणि अर्धी माझ्या दुकानात वाढली. आईचे फोटो होते, पण सगळ्या फोटोंत हौसा लग्नातल्यासारखी ताठ उभी. एकदा काजं करता करता पोरीनं मला विचारलं, "काकी, आई चालायची कशी?" मी म्हटलं, भरभर. एवढ्यानं पोरीला काय कळणार होतं? ती फुल डिस्क लावून आईचा हात बघायची. हिरव्या बांगड्या, तुळस, मासे. मोठी होत गेली तशी ती बापाच्या मागेच लागली, पट्टीवाली शोधा म्हणून. आई चालताना बघायची होती तिला, बाकी काही नको होतं. कमळाकरनं शोधली, पण उडालेल्या बल्बच्या जागी दुसरा शोधावा तशी. व्यापाऱ्यानं धंदा बंद केला होता. सिनेमा पडलेला, त्याची डिस्क पुन्हा कोण काढणार? नेटवर सापडला, तर तिथंही कुणीतरी फुलच चढवलेला.

दोन हजार पंधरापर्यंत डिस्क कुणी मागेना. कमळाकर मोबाइलचे रिचार्ज आणि कव्हरं विकू लागला. घरी त्यानं रुंद, चपटा टीव्ही घेतला. आणि एके दिवशी जगनचा फोन आला, रविवारी दुपारी तो सिनेमा टीव्हीवर लागणार.

रविवारी प्राची न्हाऊन, मी शिवलेला नवा ड्रेस घालून टीव्हीसमोर बसली. मी होते, जगन आला होता. रिमोट कमळाकरच्या हातात. सिनेमा सुरू झाला तर वर-खाली काळी पट्टी! सिनेमा या टीव्हीहूनही रुंद, म्हणजे चित्र अख्खं. प्राचीनं माझा हात धरला तो सोडलाच नाही. मग जाहिराती लागल्या, बराच वेळ चालल्या. सिनेमा परत आला, पट्टी परत आली, आणि कमळाकरच्या अंगठ्यानं रिमोटचं बटण दाबलं. चित्र मोठं झालं, टीव्ही काठोकाठ भरला. मी ते पाहिलं. जगननंही पाहिलं. काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही, उलट बरं वाटलं.

लिलाव आला. हीरो पळत आला. खांब नव्हता. डाव्या कडेतून हात आला, मासे टाकले, हात गेला.

प्राची अजून वाट बघत होती. पुढचा सीन लागला तेव्हा ती म्हणाली, "झालं?"

"आगं, पन दिसली कुठं?" जगन म्हणाला.

कमळाकर हातातल्या रिमोटकडे बघत होता. "मी फुल केला," तो म्हणाला.

माझा जीव असा जळला की तो रिमोट घेऊन गटारात फेकावासा वाटला. मी बोललेही, डोकं कुठं ठेवलं होतंस म्हणून. प्राची रडली नाही, ओरडली नाही. आपल्या नव्या ड्रेसच्या चुण्या नीट करत राहिली. बापाचं तेवढं तिनं बरोबर उचललं होतं.

कमळाकर उठून दुकानात गेला आणि जुनी फुल डिस्क घेऊन आला. ती लावली तसं नव्या टीव्हीवर ते चौकोनी चित्र मधोमध उभं राहिलं आणि आता काळी पट्टी आली डाव्या-उजव्या बाजूंना. जगननं सवयीनं रिमोटकडे हात नेला.

"ऱ्हाऊ दे," कमळाकर म्हणाला.

त्यानं सिनेमा पुढं नेला, लिलावापाशी थांबवला, आणि टीव्हीच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला. प्राचीला जवळ बोलावलं. डावीकडच्या काळ्या पट्टीवर तळवा ठेवला.

"हितं खांब हाय," तो म्हणाला. "हितं तुजी आई. लाव."

प्राचीनं बटण दाबलं. तो पट्टीकडेच बघत बोलत होता. "आता वळली. पदर खोचला. त्या बाईला शिवी दिली, कुठली ती सांगत नाय. आता चालतेय. डावा पाय जरा आखडून टाकते, ल्हानपनी होडीवरनं पडलेली. आता वाकली. आता हात."

आणि त्याच्या तळव्याखालूनच हिरव्या बांगड्यांचा हात आत आला.

"परत," प्राची म्हणाली.

तिनं मागं नेऊन परत लावलं. "आता वळली," कमळाकर म्हणाला, आणि पुढं त्याला बोलताच येईना. हौसा गेल्यापासून मी त्याला रडताना पहिल्यांदा पाहिलं. तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. चित्र पुढं चाललं होतं. प्राची उठून त्याच्या जागेवर जाऊन उभी राहिली, आपला तळवा पट्टीवर ठेवला आणि म्हणाली, "पदर खोचला. आता चालतेय."